साळूबाईची बोर

डोंगराच्या कुशीतल्या सावरदरा गावी भिवानाथ महाराजांचा मुक्काम होता. तिथे साळूबाई नावाची त्यांची एक भोळी भक्त राहत असे. नवरा गेलेला, पोटी मूलबाळ नाही. एकदा तिने विचारले, "महाराज, माझ्या हातून देवाची काय सेवा व्हावी?"

महाराज म्हणाले, "बाई, एक बोर लाव. पोरं खातील, पाखरं खातील. तोच तुझा नैवेद्य!"

साळूबाईने आपल्या पडीक तुकड्यात बोर लावली. ओढ्याचे पाणी डोक्यावर वाहून तिला लेकीसारखी वाढवली. पुढे बोर अशी लगडली, की दिवसभर तिथे पोरांचा आणि बुलबुलांचा गलका चाले. रात्री खाली पडलेली बोरे कोल्हेसुद्धा वेचून नेत.

शेजारच्या शेताचे मालक हैबतराव पाटील मात्र हसत. "काय गं साळू, कोल्ह्यांना जेवण घालून वैकुंठ मिळतं का?" एका हिवाळ्यात भोरड्यांचे थवे बोरीवर उतरू लागले. पाटलांची ज्वारी नुकतीच हुरड्यात आली होती. "ही पाखरं माझं पीक खाणार!" म्हणत ते कुऱ्हाड घेऊनच आले.

साळूबाईने बोरीला मिठी मारली. "पाटील, आधी मला तोडा!"

एवढ्यात महाराज तिथे आले. "हैबती, आजचा दिवस थांब," ते शांतपणे म्हणाले.

तोच आभाळ काळवंडले. टोळधाड! बघता बघता टोळ ज्वारीवर उतरले. पाटलांच्या हातची कुऱ्हाड गळून पडली. "महाराज, वर्षाची भाकरी गेली हो!"

महाराजांनी बोरीच्या खोडावर हात ठेवला, डोळे मिटले. "या रे लेकरांनो! माईच्या हातचं खाल्लंत, आता तिच्या गावाला सांभाळा."

आणि काय सांगावे! चारी दिशांनी भोरड्या आल्या. थव्यामागून थवे ज्वारीत शिरले आणि टोळ टिपू लागले. दिवस मावळेपर्यंत शिवारात टोळ उरला नाही. आणि नवल असे, की कणसाच्या एकाही दाण्याला त्यांनी चोच लावली नाही!

पाटील रडत महाराजांच्या पायांशी वाकले. महाराजांनी त्यांना हलकेच धरले. "माझ्या नव्हे रे. पाखरांना ज्या माउलीने जीव लावला, तिच्या पाया पड."

हैबतरावांनी सगळ्या गावादेखत साळूबाईपुढे गुडघे टेकले. ती बिचारी संकोचून मागे सरली, डोळ्यांना पदर लावत म्हणाली, "जपून, पाटील... खाली काटे पडलेत."

पाटलांनी तिथेच, त्या काट्यांवर माथा टेकला.