भेगेवरची काच

दगडांना अजून बोलता येत होतं, तेव्हाची गोष्ट. एका जुन्या शहरात वेशीला लागूनच चाळीस मजली कचेरीचा पाया खणायचं ठरलं. वेशीच्या भिंतीत एक भेग होती. ती वाढली तर कळावं म्हणून मुकादमाने तिच्यावर काचेची पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं चुन्याने पक्की केली. काच तडकली की काम थांबणार होतं.

खोदाई सुरू झाली, तशी काचेला दोन्हीकडून ओढ बसू लागली. ती घाबरली. "चुनेदादा, जरा हात सैल करा हो. मोडेन मी."

"अगं, मोडायलाच तर बसवलंय तुला," म्हातारी वेस म्हणाली.

"तुमचं काय जातंय, आजी? तुकडे माझे होणार."

चुन्याला दया आली. त्याने एका बाजूची पकड सोडली.

सकाळी मुकादम आला. "काच शाबूत आहे. खणा आणखी खोल."

काचेला हायसं वाटलं. पण दुपारी तिच्या पाठीमागून माती झरू लागली. भेग बोटभर रुंद झाली होती. "आजी?" वेस बोलेना. काचेने तडकायची खूप धडपड केली, पण तिला ओढणारं आता कुणी उरलं नव्हतं.

संध्याकाळी मुकादम पुन्हा आला. त्याने फक्त काच पाहिली आणि समाधानाने मान हलवली.