जिना चढून आलेली बिअर

सिन्नर रस्त्यावरच्या एका परमिट रूममध्ये फ्रिज एकच होता, पण भाव दोन होते. खालच्या हॉलमधली बिअर वरच्या एसी हॉलमध्ये पांढऱ्या नॅपकिनात गुंडाळून गेली, की महाग व्हायची. धनवटे कॉन्ट्रॅक्टर कायम वर बसत आणि म्हणत, "पैसा टाकावा तशी चव."

एका दुपारी वरचा एसी बंद पडला, म्हणून ते नाइलाजाने खाली बसले. पहिल्याच घोटाला त्यांनी ग्लास बाजूला सारला आणि गल्ल्यावरच्या मालकाला हाक मारली. "शेठ, तुमच्या वेटरने पाणी घातलंय यात. आत्ता काढा याला."

वेटर सुकदेवने शेठकडे पाहिलं. बाटली शेठच्याच डोळ्यांसमोर उघडली होती. शेठ गल्ल्यात बघत म्हणाले, "सुकदेव, माफी माग. आणि साहेबांना वरची आणून दे."

सुकदेवने हात जोडले. तीच बाटली घेऊन तो जिना चढला, रिकाम्या हॉलमध्ये तिला नॅपकिन गुंडाळला आणि खाली येऊन नवा ग्लास भरला.

धनवटे प्याले. "हां. याला म्हणतात माल."

"बाटली तीच आहे, साहेब," सुकदेव म्हणाला. "नुसती जिना चढून आली. मी पाणी घातलं असेल, तर ते वर जाऊन आटलं म्हणायचं."

सगळा हॉल हसला. धनवटे उठून गेले.

संध्याकाळी शेठनी सुकदेवला कामावरून काढलं. "पाणी तू घातलं नाहीस, ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "पण जिन्याचं बोलायला नको होतंस."

हसणाऱ्यांपैकी कुणीच मध्ये पडलं नाही. एसी सुरू झाला त्या दिवशी धनवटे पुन्हा वर जाऊन बसले, आणि बाटली नॅपकिनात गुंडाळूनच आली.