दुभाष्याचा मी

"आणखी?" दाऊदबाबांनी विचारलं.

"आहेत की!" यशोधन म्हणाला. "इंग्रजीत 'मिस' हा शब्द एकच. पण गाडी चुकली, तर स्पॅनिशमध्ये पेर्देर. नेम हुकला, तर फायार. तास बुडवला, तर फाल्तार. समोरची गोष्ट नजरेतून निसटली, तर पासार पोर आल्तो. आणि माणसाच्या आठवणीनं जीव कासावीस झाला, तर एचार दे मेनोस. मेक्सिकोत मात्र एक्स्त्रान्यार."

पुण्याहून स्पॅनिश शिकून आलेला हा गडी एकदा सुरू झाला की आवरता आवरत नसे. बाबांनी उभी हयात बंदराबंदरांत दुभाष्याचं काम केलं होतं. आता मालवणच्या किनाऱ्यावर एका पिराच्या दर्ग्यात ते फकिरी पत्करून राहिले होते. 'तू तयार झालास' एवढं त्यांच्या तोंडून ऐकायचं, म्हणून यशोधन तिथं ठाण मांडून बसला होता. बाबा ते म्हणत नव्हते.

"सगळे अर्थ तोंडपाठ आहेत, बाबा. अजून काय राहिलं?"

बाबांनी दाराकडे पाहिलं. "त्या दोघी आल्या. आज तू बस."

रेमेदियोस स्पेनहून आली होती. गेल्या वर्षी तिचा मुलगा इथं फिरायला आला आणि खवळलेल्या समुद्रात, लाल बावटा लागलेला असताना, पोहायला उतरला. तो बुडताना पाहून गावातल्या एका मच्छीमारानं पाण्यात उडी घेतली. दोघंही गेले. त्या मच्छीमाराची बायको पारू. तिची क्षमा मागायची आणि ती काय म्हणेल ते ऐकायचं, एवढ्यासाठी ही आई सातासमुद्रापलीकडून आली होती.

रेमेदियोस हळू आवाजात बोलली. मग यशोधननं घसा साफ केला.

"त्या म्हणतात, त्यांना मुलाची फार उणीव भासते. आणि त्या म्हणतात…"

"कोण त्या?" बाबांनी विचारलं.

"या बाई."

"त्यांना मराठी येतं?"

"नाही."

"मग त्या कशा म्हणतील? तू म्हण."

बाबांनी त्याची चटई ओढून दोघींच्या मधोमध आणली. दुभाष्यानं 'त्या' म्हणायचं नसतं, 'मी' म्हणायचं, हा या कामाचा रिवाज यशोधनला ठाऊक होता. वर्गात तो कितीदा तसं बोललाही होता. इथं मात्र त्याची जीभ जड झाली.

"माझा… माझा मुलगा," तो म्हणाला. "घरभर शोधते, कुठं नाही. चूक त्याची होती. त्याच्यापायी तुझा नवरा गेला. मला माफ कर."

पारूनं रेमेदियोसकडे पाहिलं.

"गावले तेवा माज्या घोवाचो हात तुज्या झिलाच्या हातात होतो," ती म्हणाली. "मी रोज तेका इचारतंय, सोडलंस कित्याक नाय? सोडल्यान असतो, तर माजो घो घराक इलो असतो."

एवढ्या लांबून आलेल्या आईला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? यशोधन रेमेदियोसकडे वळला आणि स्पॅनिशमध्ये म्हणाला, "मलाही फार दुःख आहे."

रेमेदियोसनं पारूच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग यशोधनकडे. "ती एवढं बोलली," तिनं विचारलं, "आणि त्याचं एवढंच झालं?"

यशोधनची मान खाली गेली.

तेवढ्यात दाऊदबाबा उठले. त्यांचे गुडघे दुखत, तरी ते रेमेदियोससमोर वाकले आणि त्यांनी हात जोडले.

"मी खोटं बोललो, बाई," ते स्पॅनिशमध्ये म्हणाले.

यशोधनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं बाबांना धरून खाली बसवलं. मग पारूचं सगळं बोलणं त्यानं सांगितलं, एक शब्दही गाळला नाही. 'दोघं सापडले तेव्हा माझ्या नवऱ्याचा हात तुझ्या मुलाच्या हातात होता. तो सोडला असता, तर माझा नवरा घरी आला असता,' हेही सांगितलं. लग्न न झालेला यशोधन नवऱ्यासाठी रडत होता.

रेमेदियोसनं डोळे मिटले. ती काहीतरी पुटपुटली.

"म्हणजे," यशोधन पारूला म्हणाला, "माझं पोर शेवटी एकटं नव्हतं…"

पारूनं तोंडात पदर कोंबला. तिनं माफ केलं नाही. करते असंही म्हणाली नाही. पण रेमेदियोसनं धरलेला हात तिनं सोडवून घेतला नाही. मग दोघी एकेक करून उठून गेल्या.

यशोधन चटईवरच होता. बाबांनी त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. तांब्याला हात लावायचंही त्याला भान नव्हतं.

"तू तयार झालास," बाबा म्हणाले.

यशोधनला आनंद झाला नाही. किती महिने तो या शब्दांची वाट पाहत होता. आता ते ऐकून तो आणखीच घाबरला.

"बाबा, माझा मुलगा गेला. माझा नवरा गेला. डोक्यातून जातच नाही. आता परत माझा मी कसा होऊ?"

बाबांनी तांब्या उचलून त्याच्या हातात दिला.

"तेवढं शिकवायच्या आधीच माझे गुरू वारले रे."