घोंगडीचा तुकडा

एका डोंगराळ गावात बारा घरं होती आणि बारा घरांची मिळून एक देवी. जत्रेच्या दिवशी देवीपुढे छत बांधायचं. प्रत्येक घरानं त्यासाठी हातभर कापड द्यायचं आणि पाळी ज्या घराची, त्यानं सगळे तुकडे घरीच एका रंगात रंगवून शिवायचे. नियम दोनच. ज्याचा तुकडा छतात, तोच छताखाली बसणार. आणि म्हाताऱ्या गुरवानं वर पाहून एखादा तुकडा कुणाचा ते अचूक ओळखलं, तर रंगवणाऱ्या घराची पाळी कायमची गेली.

त्या वर्षी पाळी आली एका नव्या सुनेच्या घराची. सासूनं बारा वर्षं वाट पाहिली होती. "हात थरथरतात गं माझे, आता तूच," म्हणाली, आणि रंगाचा हंडा सुनेपुढे ठेवला.

सून हुशार. कापड माणसासारखंच असतं, प्रत्येकाची तऱ्हा निराळी, हे ती जाणून होती. पाटलांचं रेशीम लाडावलेलं, मंजिष्ठेच्या कोमट पाण्यात एक बुडी दिली की लालबुंद. कोष्ट्याचं सूत हट्टी, त्याला दोन दिवस हिरड्याच्या पाण्यात भिजवलं तेव्हा कुठे ते रंग धरायला राजी झालं. कोळ्याच्या तागानं तर पाच बुड्या घेतल्या. पण शेवटी अकरा तुकडे दोरीवर वाळले, ते एका रंगाचे.

राहिला बारावा. धनगराची म्हातारी दरसाल पांढरी लोकर आणायची. या वेळी काळ्या घोंगडीचा तुकडा घेऊन आली. "पांढरी मेंढरं रोगानं गेली औंदा. काळीच उरली. चालंल न्हवं, पोरी?"

सुनेनं तीन बुड्या दिल्या. घोंगडी नुसती ओली झाली.

तेवढ्यात पाटलीणबाई आपलं रेशीम कसं रंगलं ते पाहायला आल्या. दोरीवरचा काळा तुकडा पाहून म्हणाल्या, "गुरव आंधळा असता तरी हा ओळखेल! वगळ तो. एक वर्ष नसला तर काय बिघडतं?"

सासूही पुटपुटली, "पाळी जाईल गं आपली."

धनगरीण दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं. "ऱ्हाऊ दे पोरी," ती म्हणाली. "आमाला उन्हाची सवय हाय."

एवढं बोलून ती तुकडा काढायला दोरीकडे वळली. सुनेनं तिचा हात धरला.

"थांबा, आजी. हिला लाल होता येत नाही. पण लालाला काळं होता येतं."

पाटलीणबाईंच्या भुवया चढल्या. "म्हणजे घोंगडीसाठी माझं रेशीम काळं करणार? माझ्या लग्नातल्या शालूचा तुकडा आहे तो! आणि देवीला काळं?"

"संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसता ना, बाई? तेव्हा देवीच्या दर्शनाला जाताच की."

"तोंडाळ आहे हो तुमची सून," पाटलीणबाई सासूला म्हणाल्या.

सून तडक उठली. कोष्ट्याकडे गेली आणि गंजके खिळे गुळात आंबवून काढलेलं लोखंडाचं पाणी घेऊन आली. दोरीवरून पहिला तुकडा काढला तो स्वतःच्या घरचा, तिच्या माहेरच्या शेल्याचा. हिरड्याच्या पाण्यातून काढून लोखंडाच्या पाण्यात बुडवला. लाल हळूहळू विझला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं लपवलं नाही. पण तुकडा वर काढून तिनं घोंगडीशेजारी धरला, आणि सासू म्हणाली, "जुळला की गं!"

पाटलीणबाईंनी दोन्ही तुकडे बोटांनी चाचपून पाहिले. मग म्हणाल्या, "रेशमाला किती वेळ लागेल?"

"एकच बुडी, बाई."

"मग आधी तेच घाल. फार वेळ बघवणार नाही मला."

जत्रेला छत लागलं. काळंभोर, शिवणसुद्धा दिसेना. गुरव खाली उभा राहिला, मान वर केली, डोळे बारीक केले. फार वेळानं त्यानं बोट उचललं, ते नेमकं घोंगडीवर.

"हे पाटलांचं रेशीम!" तो ठासून म्हणाला. "खानदानी कापड लांबूनच कळतं!"

धनगरणीनं पदर तोंडात कोंबला. पाटलीणबाईंनी मात्र हसू दाबलं नाही. "चुकलात, गुरवबाबा," म्हणाल्या, आणि सरकून धनगरणीला सावलीत जागा करून दिली.

तात्पर्य एवढंच: सगळ्यांना एका रंगात आणायचं असेल, तर ज्याला बदलता येत नाही त्याला वगळू नये, ज्याला बदलता येतं त्यानं त्याच्याजवळ जावं.