तान्ह्या पोळ्याची चंपा

"मग हे तिला सांगितलं कोणी, शाहजी?"

सीताराम हटवारने प्रश्न विचारला खरा, पण उत्तर तो घरूनच घेऊन आला होता.

वैनगंगेच्या काठी मौलाशाह फकिराचा तकिया, त्याच्या राहण्याची जागा. भर दुपार. वारा अगदी पडलेला. चिंचेखाली मौलाशाह, गावाचे शाहजी, बसले होते. समोर सीताराम, त्याची बायको कौतिका, आणि दोघांच्या मधे त्यांची मुलगी चंपा. तिला नुकतंच सहावं लागलेलं.

सीताराम विणकर. गावच्या भजनी मंडळाचा म्होरक्या. शाहजींच्या पायाशी वीस वर्षं बसलेला, आणि त्यामुळेच आता आपल्याला शिकायचं काही राहिलं नाही असं मानणारा.

"पाणी हिरवं होतं म्हणते. पायाला गवत गुंडाळलं. वर पाहिलं तर सूर्य हलत होता... बुडणाऱ्याशिवाय हे कोणाला दिसतं? लोक गावोगावहून हिला पाहायला येतात. तुम्ही फक्त एकदा म्हणा, शाहजी. आमची चंपा परत आली."

शाहजी मुलीच्या पायांतल्या पैंजणांकडे पाहत होते.

पहिली चंपा, त्यांची थोरली, तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गेली होती. पोरं मिरवतात तो लाकडी नंदी धुवायला ती नदीत उतरली. नंदी काठाला लागला. ती लागली नाही.

वर्षाने ही झाली. पाळण्यात तेच नाव ठेवलं. पायात तेच पैंजण. शिंप्याने न सांगता तसाच फ्रॉक शिवला. आळीतल्या बाया हिला मांडीवर घेऊन विचारायच्या, "आठवते का गं?" बरोबर सांगितलं की हातावर गूळ ठेवायच्या.

शाहजी कौतिकेकडे वळले. "हिला निजवताना काय म्हणतेस, माय?"

कौतिकाने पदर तोंडाला लावला. "...तिचंच सांगते. दुसरं काही येतच नाही तोंडात."

"कधीपासून?"

"पाळण्यात होती तेव्हापासून."

"तान्ह्या लेकराला काय कळतं?" सीताराम म्हणाला.

शाहजींनी मुलीला जवळ बोलावलं.

"तुझं नाव काय, पोरी?"

"चंपा."

"आणि बुडाली ती?"

"चंपा."

"तुला खायला काय आवडतं?"

मुलीने आईकडे पाहिलं. मग बापाकडे. मग म्हणाली, "बोरं."

"पाहा!" सीतारामचा चेहरा उजळला. "तिलाही बोरंच."

शाहजींनी हात वर केला. "दोघं उठा. नदीकडे तोंड करून बसा. मी म्हणेपर्यंत मागे वळायचं नाही."

सीतारामला ते आवडलं नाही. पण तो बसला. कौतिकाही बसली.

"आता सांग, पोरी. काय आवडतं?"

मुलीचे ओठ हलले. आवाज आला नाही. आईच्या पाठीवरून तिची नजर बापाच्या पाठीवर गेली. तिथून चिंचेवर. परत आईच्या पाठीवर...

कुठेतरी होला घुमत होता, तोही थांबला.

"आता कोणाकडे पाहू?" तिने विचारलं.

शाहजींनी आपलेही डोळे मिटले.

खूप वेळ गेला. नदीकडे तोंड करून बसलेल्या सीतारामला मागे लेकराचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मधेच वाटलं, मागे कोणीच नाही. मधेच वाटलं, दोघी आहेत. वळायचं त्याला धैर्य झालं नाही.

मग ती बोलली. अगदी हळू, पोरं सणाची वाट पाहताना विचारतात तसं.

"शाहजी, मी पाण्यात कधी जायचं?"

कौतिका गर्रकन वळली.

"पोळा आला ना," मुलगी सांगू लागली. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी जाते. तेव्हाही सहावं लागलं होतं. नंदी काठावर ठेवायचा. मग उतरायचं... घरी कोणी सांगत नाही कधी निघायचं ते."

कौतिकाने तिला ओढून छातीशी धरलं.

"परवा," कौतिका म्हणाली, "परवा ही घाटावर सापडली. एकटीच. न्हाऊन, वेणी घालून बसली होती. मी विचारलं, काहून आलीस? तर हसली. मला वाटलं, खेळायला आली असेल..."

सीताराम वळून शाहजींच्या पायाशी आला.

"शाहजी... काय करू?"

"पहिलीची तेरवी केलीस?"

"देह सापडला नाही. कशाची तेरवी करणार? आणि..." त्याने मुलीकडे बोट केलं. "ती तर इथे आहे."

मुलीने मान डोलावली.

शाहजी सीतारामच्या त्या बोटाकडे पाहत राहिले. सीतारामने हात खाली घेतला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा रडला.

पोळ्याच्या आधी तेरवी झाली. दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. गावजेवण झालं. पैंजण आणि फ्रॉक कौतिकाने स्वतःच्या हाताने नदीत सोडले. आळीत घरोघरी जाऊन तिने बायांना हात जोडले, "आता हिला काही विचारू नका."

तान्हा पोळा आला. सीताराम दिवसभर मुलीचा हात धरून बसला. वाजतगाजत पोरांचे नंदी दारावरून गेले. संध्याकाळ झाली. मुलगी कुठे गेली नाही.

पुढच्या शुक्रवारी सीताराम एकटाच तकियावर आला. खांदे उतरलेले. डोळ्यांत भीती.

"शाहजी, ती आता चंपा म्हटलं तर ओ देत नाही. वाळलेली बोरं दिली तर थुंकून टाकली. दिवसभर घरात फिरते. भिंतीला हात लावते, मागाला हात लावते, आईच्या तोंडाला हात लावते. पहिल्यांदाच पाहावं तसं सगळं पाहते. काल मी विणत होतो. पाठीशी येऊन उभी राहिली. मी वळून पाहिलं..."

त्याने तोंडावरून हात फिरवला.

"ओळखीचं काहीच नव्हतं त्या चेहऱ्यात. कौतिकाही तेच म्हणते. खरं सांगा, आमच्या घरात ही कोण आली?"

शाहजींनी झोळी खांद्याला लावली. भिक्षेची वेळ झाली होती. चार पावलं गेल्यावर ते थांबले.

"पाहुणी आहे, सीताराम, इतकी वर्षं दारातच उभी. आधी बसायला तर दे."