गुणवंतचे एकेचाळीस टक्के

बोरसोंड नावाच्या गावात गुणवंत नावाचा एक भोळा पोरगा राहायचा. भोळा म्हणजे किती? त्याला कुणी म्हणालं, "जरा वाट बघ," तर तो रस्त्याकडे तोंड करून उभा राहायचा आणि ती नीट बघायचा.

नाव गुणवंत, पण गुणपत्रिकेवर गुण कमी. त्याचा अभ्यास होता. पण प्रश्नपत्रिकेवर लिहिलेलं असायचं, 'सातपैकी कोणतेही पाच प्रश्न सोडवा.' गुणवंत पाच सोडून द्यायचा आणि उरलेले दोन लिहायचा. 'रिकाम्या जागा भरा' असं असलं, की त्या निळ्या शाईनं काठोकाठ भरायचा, बाहेर थेंब जाऊ द्यायचा नाही. प्रात्यक्षिकात मात्र त्याला पैकीच्या पैकी. तिथं सर सांगतील तेवढंच करायचं असतं.

असं सगळं मिळून तो बी.एस्सी. झाला. तीन वर्षांची सरासरी निघाली एकेचाळीस टक्के.

आणि त्याला डॉक्टर व्हायचं होतं.

बोरसोंडला डॉक्टर फक्त बुधवारी यायचे. बाकीचे सहा दिवस दाजीकाका कंपाउंडर दवाखाना सांभाळायचे, आणि गाव शक्यतो आजारी पडायचं नाही. गुणवंतचे वडील एका गुरुवारी आजारी पडले. पुढचा बुधवार त्यांनी पाहिला नाही. गुणवंत तेव्हा नऊ वर्षांचा होता. आई त्याला म्हणाली, "तू डॉक्टर हो, आणि आपल्या दवाखान्यात रोज बस." गुणवंतला कुणीही काही सांगितलं तरी तो ते करायचा. हे तर आईनं सांगितलेलं.

जिल्ह्याच्या गावी डॉक्टरकीचं एक कॉलेज होतं. तिथं एक जागा खेड्यातल्या पदवीधरासाठी वेगळी ठेवायचे. त्या जागेसाठी मार्कांवर अडून बसायचे नाहीत, मुलाखत घेऊन माणूस बघायचे. गुणवंत अर्ज घेऊन खिडकीवर गेला. आतल्या कारकुनानं गुणपत्रिका बघितली, मग चष्मा पुसून पुन्हा बघितली.

"एकेचाळीस?"

"हो."

"अहो, एवढ्यावर कसं व्हायचं? अर्जाला काहीतरी वजन पाहिजे."

गुणवंत तडक किराणा दुकानात गेला. तिथून पाच किलोचं लोखंडी वजन मागून आणलं, सुतळीनं अर्जाला घट्ट बांधलं आणि खिडकीतून आत सरकवलं. ते कारकुनाच्या पायावर पडलं. कारकून एका पायावर नाचायला लागला. गुणवंत वाट बघत उभा राहिला. म्हणजे रस्त्याकडे तोंड करून.

गावी आल्यावर त्यानं दाजीकाकांना सगळं सांगितलं. दाजीकाकांनी कपाळावर हात मारला.

"अरे, वजन म्हणजे अनुभव! दुसराही एक अर्थ असतो, पण तो तुला सांगत नाही. वर्षभर माझ्याकडे दवाखान्यात काम कर, मी तुला लिहून देतो. पण काय रे, त्या माणसाच्या पायाला लागलं आणि तू नुसता उभा राहिलास? पाय उंच धरायचा. बर्फ लावायचा. आणि माणसाला अजिबात हलू द्यायचं नाही."

"आता कळलं," गुणवंत म्हणाला. "पुढच्या वेळी असंच करतो."

दुसऱ्या दिवसापासून तो दवाखान्यात जायला लागला. दुपारी दाजीकाका जेवायला घरी गेले. तेवढ्यात गयामावशी आली. तिला सकाळपासून उचकी लागली होती.

लागलंय म्हटल्यावर गुणवंतनं तिला बाकावर आडवं केलं. तिचा एक पाय वर उचलला आणि सलाइनच्या स्टँडला बांधला. लशीच्या डब्यातला बर्फ काढून घोट्यावर ठेवला.

"मेल्या," गयामावशी ओरडली, "उचकी... हिक्... पायाला नाही लागली!"

"हलू नका मावशी."

"सोड मला! हिक्!"

"हलायचं नाही म्हणून सांगितलंय."

दाजीकाका जेवून आले तेव्हा मावशी तशीच होती. पाय गार पडला होता, तोंड तापलं होतं आणि उचकी चालूच होती. त्यांनी तिला सोडवलं, दोन लाडू देऊन घरी पाठवलं आणि गुणवंतला समोर बसवलं.

"अरे, उचकी लागली की माणसाला एकदम दचकवायचं. गुपचूप मागून जायचं आणि ओरडायचं, साप! साप! माणूस दचकतो, उचकी जाते."

"आता कळलं. पुढच्या वेळी असंच करतो."

आठवडा गेला. खंडेराव अण्णा प्रेशर तपासायला आले. वय बहात्तर. पाटीलकी गेली तरी मिशा होत्या. दाजीकाकांनी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला आणि ते आतल्या खोलीत गोळ्या मोजायला गेले. अण्णा डोळे मिटून बसले होते.

गुणवंत चपला काढून मागून गेला.

"साप! साप!"

अण्णा खिडकीतून गेले. दरवाजा उघडा होता, तरी ते खिडकीतून गेले. पट्टा दंडाला, पट्ट्याला नळी, नळीला यंत्र, असं सगळं त्यांच्यामागून गेलं. समोरच्या कडुनिंबावर दुसऱ्या फांदीवर ते सापडले. खाली उतरवायला चार माणसं लागली. प्रेशर किती वाढलं ते कळलं नाही, कारण यंत्र तिसऱ्या फांदीवर राहिलं होतं.

"गुणवंता!" दाजीकाकांचा आवाज चिरकला. "प्रेशरच्या माणसाला घाबरवतात का? त्याच्याशी हळू बोलायचं. खांद्यावर हात ठेवायचा. म्हणायचं, काही झालेलं नाही, डोळे मिटा, शांत पडून राहा, आपोआप उतरेल."

"आता कळलं."

"नक्की कळलं?"

"डोळे मिटा, शांत पडून राहा, आपोआप उतरेल."

पुढे चार महिने काही झालं नाही. गुणवंत पट्ट्या कापायचा, बाटल्या धुवायचा, म्हाताऱ्यांना हात धरून पायरी चढवायचा. लोक म्हणायला लागले, पोरगा सुधारला. आईनं तर गावात सांगून टाकलं, की पुढच्या वर्षी गुणवंत कॉलेजात.

मग एका दुपारी शेवंताकाकू धावत आल्या. पदर खांद्यावर नाही, पायात चपला नाहीत.

"गुणवंता, अरे धाव! आमच्या कडब्याच्या गंजीला आग लागली! माणसं बोलव!"

काकूंना चांगलीच धाप लागलेली होती. चेहरा लालबुंद झालेला. गुणवंत हळूच उठला. त्यानं काकूंच्या खांद्यावर हात ठेवला.

"काही झालेलं नाही, काकू."

"अरे गंजी पेटलीय!"

"डोळे मिटा. शांत पडून राहा. आपोआप उतरेल."

आग आपोआप उतरली. गंजी संपल्यावर.

त्या संध्याकाळी दाजीकाका गुणवंतला ओरडले नाहीत. एकेक शब्द तोडून बोलले. "आग. म्हटलं. की. पाणी. बोलायचं नाही. विचारायचं नाही. हाताला येईल ते भांडं उचलायचं, आणि जिथं आग असेल तिथं ओतायचं."

"आता कळलं. काका, माझं काही खरं नाही का हो?"

दाजीकाकांनी त्याच्याकडे बघितलं. पोरगा गंजीची राख उपसून आला होता. हाताला फोड आले होते. कुणी सांगितलं नव्हतं, तरी गेला होता.

"आहे रे," ते म्हणाले. "पण काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही."

वर्ष संपलं. दाजीकाकांनी दाखला लिहून दिला. 'गुणवंत ढवळे यांनी आमच्या दवाखान्यात वर्षभर काम केले. त्यांना जे सांगितले ते सर्व त्यांनी केले.' दाखल्यात एकही शब्द खोटा नव्हता.

मुलाखतीच्या दिवशी आईनं त्याच्या हातावर दही ठेवलं. गुणवंतनं ते बसमध्ये दोन तास तसंच धरून ठेवलं, कारण खा असं ती म्हणाली नव्हती.

टेबलामागे दोघं बसले होते. कॉलेजच्या प्राचार्य डॉक्टर रणखांबे मॅडम, आणि त्यांच्या शेजारी जाडजूड डॉक्टर गोसावी सर. सरांच्या पुढ्यात मिसळीची रिकामी वाटी होती.

"मार्क इतके कमी कसे?" मॅडमनी विचारलं.

"पाच प्रश्न सोडवा म्हणायचे. मी सोडायचो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बरं. वर्षभर दवाखान्यात काय केलंत?"

गुणवंतनं सगळं सांगितलं. मावशीचा पाय. अण्णांचं झाड. काकूंची गंजी. काही गाळलं नाही, स्वतःच्या बाजूनं काही घातलं नाही. मॅडम तोंडावर रुमाल धरून ऐकत होत्या. गोसावी सर मात्र खुर्चीत वळवळायला लागले. त्यांनी पोटावर हात दाबला.

"बस कर बाबा!" ते कळवळून म्हणाले. "हे ऐकून नुसती आग पडलीय पोटात!"

गुणवंत बोलला नाही. त्यानं विचारलंही नाही. कोपऱ्यातला पिण्याच्या पाण्याचा माठ उचलला आणि जिथं आग होती तिथं ओतला.

सर पोटापासून बुटापर्यंत भिजले. मिसळीची वाटी टेबलावरून तरंगत खाली गेली.

"हाकला याला!" सर ओरडले. "हाकला आधी!"

मॅडम हसत होत्या. टेबलावर डोकं ठेवून हसत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले.

"गोसावी, आज सकाळपासून चौदा मुलं येऊन गेली. सगळ्यांनी आपण किती चांगले हे सांगितलं. ह्या एकानं आपल्या चुका सांगितल्या, आणि तेही न विचारता. चुका झाकणारे डॉक्टर आपल्याकडे भरपूर आहेत."

"अहो पण याला अक्कल नाही!"

"ती शिकवता येते का ते बघू. फुकट पगार घेतो का आपण?"

त्यांनी गुणवंतचं नाव यादीत पहिलं लिहिलं. मग त्याच्याकडे वळून बोट उगारलं. "जागा तुम्हाला देतेय. पण एक गोष्ट पाठ करा. जे आपल्याला येत नाही, त्याला हात लावायचा नाही. आपल्यापेक्षा जास्त येणाऱ्याच्या हाती सोपवायचं. त्यात लाज वाटून घ्यायची नाही. चांगल्या डॉक्टरची हीच खूण असते. कळलं?"

"आता कळलं," गुणवंत म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "पुढच्या वेळी असंच करतो."

आठ दिवसांनी प्रवेश घ्यायला बोलावलं. आईनं सकाळीच पेढ्यांचा डबा आणून ठेवला. खंडेराव अण्णा, शेवंताकाकू, गयामावशी, सगळे पाराशी येऊन बसले. काही झालं तरी गावातला पहिला डॉक्टर होणार होता.

संध्याकाळच्या बसनं गुणवंत उतरला. चेहऱ्यावर मोठं समाधान होतं.

"झालं का रे?" आईनं लांबूनच विचारलं.

"झालं, आई! फॉर्म भरला. कुठंही खाडाखोड नाही."

आईनं त्याच्या तोंडात पेढा घातला. गावानं टाळ्या वाजवल्या. दाजीकाकांनी नाक शिंकरून घेतलं आणि त्याला जवळ बसवलं.

"अवघड होता का फॉर्म?"

"अवघड? काका, अकरा पानं! पहिलं पान वाचलं, मला काहीच येईना. दुसरं वाचलं, तेही येईना. मग मला मॅडमचे शब्द आठवले."

दाजीकाकांचा हात पेढ्याच्या डब्यात तसाच थांबला.

"कुठले शब्द?"

"येत नाही त्याला हात लावायचा नाही. रांगेत माझ्यामागं एक मुलगी होती, यादीतल्या दुसऱ्या नंबरची, जागा सुटली तर म्हणून थांबलेली. तिला विचारलं, तुमचे मार्क किती? म्हणाली, ब्याऐंशी टक्के. मी म्हटलं, मग हा तुम्हीच भरा. ती म्हणाली, अहो, हा तुमचा आहे. मी म्हटलं, मला लाज वाटत नाही, घ्या. खिडकीतले साहेब म्हणाले, जागा सोडताय का? मी म्हटलं, सोडत नाही, जास्त येणाऱ्याच्या हाती सोपवतोय. ते म्हणाले, त्यालाच सोडणं म्हणतात, इथं सही करा. सही मला येते. केली."

गयामावशीला उचकी लागली.

"ती मुलगी रडायला लागली," गुणवंत कौतुकानं म्हणाला. "तिलासुद्धा अवघड गेला असणार. पण अकराही पानं पुरी केली तिनं."

"आणि नाव?" दाजीकाकांनी कसंबसं विचारलं. "फॉर्मवर नाव कुणाचं घातलं?"

"तिचं. आई, काय अक्षर होतं म्हणून सांगू! मी जन्मभर घोकलं असतं ना, तरी मला इतका नीट प्रवेश घेता आला नसता."