आईच्या खुर्चीतले दगड

एकदा एका धनवान व्यापाऱ्याने चाकांवरचे घर बांधून घेतले. आत खाटा, शेगडी, पाण्याची टाकी आणि खिडकीशी म्हाताऱ्या आईसाठी वेताची खुर्ची. आईला डोळे मिटण्यापूर्वी समुद्र पाहायचा होता. घर ओढण्यासाठी त्याने एक उंच, लाल, झळाळता ट्रक निवडला.

घाटमाथ्यावर एका वृद्ध आचार्यांचा मठ होता. उतरणाऱ्या गाडीला त्यांच्या हातून हार घालून नारळ वाढवायचा, अशी तिथली रीत.

"आचार्य, सगळा चढ एका दमात चढला," व्यापारी म्हणाला. "मागे घर आहे हे ट्रकला कळलंसुद्धा नाही. विकणाऱ्यानेही चढावरच ओढून दाखवलं होतं."

आचार्यांनी हार शिष्याकडे दिला आणि खिडकीशी गेले. "आई, जरा खाली या. सगळेच उतरा." मग शिष्याला म्हणाले, "माणसांच्या वजनाचे दगड आत ठेव. खुर्चीतसुद्धा."

व्यापाऱ्याचा चेहरा लाल झाला. "माझ्या आईच्या जागी दगड?"

"बसू दे रे," आई म्हणाली. "तुझ्या घरात मी तरी वेगळं काय करते?"

मठामागे एक उतार होता. त्याच्या तळाशी मऊ मातीचा मोठा ढीग, आणि दरी दूर. आचार्यांनी ड्रायव्हरला तिथून ट्रक उतरवायला सांगितला. अर्ध्या वाटेवर त्याने ब्रेक दाबला. ट्रक थांबू पाहत होता, घर थांबेना. मागच्या भाराने पुढचा ट्रक ढकलला, तो आडवा वळला, आणि दोन्ही मातीत रुतले. ड्रायव्हर धडधाकट उतरला. खुर्चीतले दगड खिडकी फोडून बाहेर पडले होते.

आई त्या दगडांकडे पाहत राहिली.

मठात दगड वाहणारा एक बुटका, जडशीळ ट्रक होता. रंग उडालेला. घर बाहेर ओढून, दगड पुन्हा भरून आचार्यांनी ते त्याला जोडायला लावले. तो पहिल्या गिअरवर उतरू लागला. घर मागून रेटत होते आणि ट्रक तो रेटा अंगावर घेत होता. उताराच्या ऐन मध्यावर तो थांबला. घरही थांबले. शिष्याने नकळत हात जोडले. एवढे मोठे बळ इतके निःशब्द असू शकते, हे तो प्रथमच पाहत होता.

आचार्य व्यापाऱ्याला म्हणाले, "चढावर घर नुसतं मागे असतं. उतारावर ते तुला ढकलतं. ओढण्याचा जोर तू पाहिलास. ढकलणारं ओझं अडवण्याचा पाहिला नाहीस. विकणारा तुला उतार कशाला दाखवेल? उतरताना आत तो नसतो, तुझी आई असते."

व्यापारी खाली मान घालून म्हणाला, "हा ट्रक समुद्रापर्यंत द्याल?"

आईने शिष्याच्या हातून हार घेतला. तो तिने ट्रकच्या तोंडाला घातला नाही. मागे, जिथे घर जोडले होते, तिथे घातला. मग खुर्ची झटकून ती फुटक्या खिडकीशी जाऊन बसली.

आपणही ज्यांच्या मागे आपली घरे जोडतो, त्यांचा वेग पाहून टाळ्या वाजवतो; त्यांना थांबता येते का, हे मात्र उतार लागल्यावरच विचारतो.